२१४ नंबरच्या खोलीतली दुसरी प्रवासी

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पावणेपाच वाजता, मिल्टेनबेर्ग गावाच्या धक्क्याला लागलेल्या ‘योहाना’ बोटीवर असं उघडकीला आलं, की आनेग्रेट रॉइश ही प्रवासी हरवली आहे.

आनेग्रेट मार्च महिन्यातच वारली होती. पण ही गोष्ट त्या वेळी बोटीवर एकाच माणसाला ठाऊक होती. तो माणूस म्हणजे तिचा नवरा ओटमार. तो जेवणघरात खिडकीशी बसून कॉफीत साखर ढवळत होता.

बोटीचा नियम सोपा होता. उतरायच्या दाराशी एक हिरवी फळी होती, फळीवर अडकवायचे लोखंडी आकडे होते आणि प्रत्येक आकड्याला एक पितळी बिल्ला. बिल्ल्यावर खोलीचा नंबर आणि पुढे एक किंवा दोन. गावात जाताना आपला बिल्ला खिशात घालायचा, परत आल्यावर तो जागेवर अडकवायचा. बोट सुटताना जितके आकडे रिकामे तितकी माणसं गावात. सहलप्रमुख ब्रोझेबाई रोज सकाळी माइकवरून सांगायच्या, की पंधरा वर्षांत ही फळी एकदाही चुकलेली नाही. त्या दिवशीही ती चुकली नव्हती. फळीचं म्हणणं एवढंच होतं, की २१४ नंबरच्या खोलीतली दुसरी प्रवासी बोटीवर नाही. ते खरंच होतं.

“हेर रॉइश,” ब्रोझेबाई हातात यादी घेऊन टेबलाशी आल्या. “तुमच्या मिसेस कुठे आहेत?”

हा प्रश्न ओटमारला नऊ महिन्यांत कुणी असा सरळ विचारला नव्हता. त्याने कॉफीचा एक घोट घेतला. ती फार गोड झाली होती.

“येईल,” तो म्हणाला.

माणूस असं का बोलतो, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. फार मागे नाही.

ही सहल आनेग्रेटने जानेवारीत ठरवली होती. फ्रांकफुर्टहून बोटीत बसायचं, माइन नदीतून सावकाश वर जायचं, वाटेतल्या जुन्या गावांत नाताळचे बाजार बघायचे आणि व्युर्त्सबुर्गला उतरायचं. ओटमारने चाळीस वर्षं लोकांच्या घरांत हीटर बसवले होते. सुट्टी म्हणजे ज्या दिवशी कुणाचा हीटर बंद पडत नाही तो दिवस, अशी त्याची समजूत. पण आनेग्रेट म्हणाली होती, “तू नुसता बस. चालायचं काम बोट करेल.” आणि मार्चमध्ये ती गेली.

जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या क्लापरोटबाईंनी सल्ला दिला. क्लापरोटबाई सल्ला नेहमी जिन्यात देतात, कारण जिन्यात समोरच्या माणसाला बाजूने निसटता येत नाही. “रद्द करा ती सहल, हेर रॉइश. विमा आहे ना? मग विमा कशाला असतो!” तिसऱ्या मजल्यावरचे झीव्हर्ट वरून ओरडले, “रद्द कशाला? जाऊ दे की त्याला! माणसाने हिंडलं-फिरलं पाहिजे.” दोघांचं त्यावर पंधरा मिनिटं भांडण झालं. ओटमार मध्ये पिशवी घेऊन उभा होता. पिशवीतलं लोणी पातळ झालं.

त्याने विमा कंपनीला पत्र लिहिलं, की माझ्या पत्नीला या सहलीला येणं जमणार नाही. कंपनीने फॉर्म पाठवला. फॉर्ममध्ये विचारलं होतं, न जमण्याचं कारण तात्पुरतं आहे की कायमचं. आणि खाली लिहिलं होतं: सहल रद्द करणाऱ्या प्रवाशाने स्वतः सही करावी. ओटमारने कळवलं, की तिला सही करणंही जमणार नाही. कंपनीने उलट टपाली कळवलं, की असं असेल तर प्रवाशाने दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवला तरी चालेल. त्या पत्राला एका शब्दाने उत्तर देता आलं असतं. तो शब्द ओटमारने पेन उचलून दोनदा लिहायला घेतला आणि दोन्ही वेळा उठून पक्कड शोधायला गेला. मग फॉर्म खणात गेला. थोडक्यात, न जाण्यासाठी फॉर्म भरावा लागत होता आणि जाण्यासाठी काहीच भरावं लागत नव्हतं. म्हणून तो गेला.

गुरुवारी बोटीवर चढताना काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, “आणि फ्राउ रॉइश?” मागे रांग होती. जर्मन माणूस एक वेळ आग लागली तरी चालेल म्हणेल, पण आपल्यामुळे रांग अडली हे त्याला सोसत नाही. ओटमार म्हणाला, “तिला जरा बरं नाही.” मुलीने दोन किल्ल्या आणि दोन बिल्ले पुढे सरकवले. झालं. सगळं तिथून सुरू झालं.

रात्रीच्या जेवणाला त्याच्या टेबलावर चार जागा होत्या. समोर म्युन्स्टरचं पोटहोफ जोडपं. लुडगर पोटहोफ निवृत्त होईपर्यंत नगरपालिकेत होते. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना दंडाच्या चिठ्ठ्या लावायचं खातं त्यांच्याकडे होतं. नियम हा त्यांच्या आवडीचा विषय. मार्लीसबाईंच्या आवडीचा विषय म्हणजे आजारी माणसं.

“बरं नाही म्हणजे काय?” मार्लीसबाईंनी चमचा खाली ठेवला. “पोट? डोकं? ताप आहे का?”

“दमलीय,” ओटमार म्हणाला.

“दमणं हे सगळ्यात वाईट. त्यामागे काय असेल सांगता येत नाही.”

पाऊण तासाने २१४ च्या दारावर टकटक झाली. वेटर उभा होता. ट्रेमध्ये कोंबडीचं सूप, कॅमोमाइलच्या फुलांचा चहा आणि लोकरी गवसणीतली गरम पाण्याची पिशवी. वर चिठ्ठी: ‘ताई, गरम असतानाच प्या. मार्लीस.’

अन्न परत पाठवणं ओटमारला कधी जमलं नाही. त्याने सूप प्यायलं. चहा त्याला आवडत नव्हता, तरी तोही प्यायला. गरम पाण्याची पिशवी कमरेला लावली, कारण कंबर चाळीस वर्षं दुखत होती. खरं सांगायचं तर छान झोप लागली.

सकाळी रिकामा ट्रे बघून मार्लीसबाईंना आनंद झाला. “जेवण जातंय! म्हणजे सुधारतेय.” त्यामुळे शुक्रवारी दुपारी आशाफेनबुर्गमध्ये पुन्हा सूप आलं, या वेळी बटाट्याचं, शेजारी दोन सॉसेज. संध्याकाळी भात आणि उकडलेलं सफरचंद. ओटमार आधी खाली टेबलावर स्वतःचं जेवायचा आणि मग वर येऊन बायकोचं. शुक्रवारी रात्री पँटचा हुक लागेना.

शनिवारी सकाळी मार्लीसबाई म्हणाल्या, “आज मी स्वतः येऊन भेटते त्यांना. दोन मिनिटं बोलले की माणसाला बरं वाटतं.”

“नको नको,” ओटमार घाईने म्हणाला. “ती आज गावात जाणार आहे. पुष्कळच बरं आहे तिला.”

एवढं बोलल्यावर फळीवरून दोन बिल्ले उचलणं भागच होतं. एक उचलला असता तर मार्लीसबाईंनी दुसरा लटकताना पाहिला असता आणि पुन्हा सूप आलं असतं. ओटमारने दोन्ही बिल्ले कोटाच्या डाव्या खिशात टाकले आणि उतरला. खिशात ते चालताना एकमेकांवर आपटून वाजत होते. त्याला तो आवाज बरा वाटला.

बाजारात त्याने मसाल्याची गरम वाइन घेतली. बाजाराची पद्धत सगळीकडे तीच: पेल्याची अनामत द्यायची आणि एक गोल धातूची चकती घ्यायची, मग पेला आणि चकती परत केली की अनामत परत. ओटमारने चकती डाव्या खिशात टाकली. अर्ध्या तासाने पेला परत केला, खिशात हात घातला, गोल लागलं ते दिलं. स्टॉलवाल्यासमोर वीस माणसं होती. त्यानेही न बघता ते बादलीत टाकलं. पैसे परत मिळाले. असे व्यवहार डोळे मिटून व्हावेत एवढा एकमेकांवर विश्वास आपल्या देशात आहे, याचा ओटमारला नेहमी अभिमान वाटत आला होता.

बोटीवर परतताना त्याने सवयीने एकच बिल्ला फळीवर अडकवला होता; दुसरा खिशातच आहे, अशी त्याची समजूत होती. आता, पावणेपाच वाजता, ब्रोझेबाईंसमोर त्याने पुन्हा डाव्या खिशात हात घातला. हाताला चकती लागली. चकतीवर द्राक्षाचा घोस कोरलेला होता.

“येईल म्हणजे कधी?” ब्रोझेबाईंनी विचारलं. “साडेचारला निघायचं होतं आपल्याला. पुढच्या बंधाऱ्याच्या पाणदरवाज्यातून जायची आपली वेळ सव्वासहाची आहे. ती चुकली की मालवाहू बोटी पुढे जाणार आणि आपण उद्या दुपारपर्यंत इथेच.”

“मी जाऊन बघतो,” ओटमार उठला. त्याचा बेत साधा होता. स्टॉलवर जायचं, बादलीतून बिल्ला काढायचा, तो फळीवर अडकवायचा. फळी समाधानी, बोट मोकळी.

पण ब्रोझेबाई म्हणाल्या, “एकटे कुठे जाता? बाहेर अंधार पडलाय. आणि त्या आजारी होत्या ना?”

“फार आजारी!” मार्लीसबाई शेजारच्या टेबलावरून उठल्या. “दोन दिवस अंथरुणात होती बिचारी! आणि आज एकटी गावात? हेर रॉइश, तुम्ही तिला एकटी सोडलीच कशी?”

लुडगर पोटहोफ गंभीरपणे म्हणाले, “आजारी, वयस्कर, नदीकाठ, अंधार. अशा वेळी अर्धा तास थांबण्याचा नियम लागू होत नाही. लगेच कळवायचं असतं.”

ब्रोझेबाईंनी लगेच कळवलं.

मिल्टेनबेर्गचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं. पगार नाही, हौसेचं काम. आणि नाताळच्या बाजारात स्टॉल लावणारीही तीच माणसं. त्यामुळे चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी सगळ्या बाजारात एकदम पन्नास ठिकाणी खिशातली इशाऱ्याची यंत्रं वाजली आणि बाजार बंद पडला. सॉसेजवाल्याने चिमटा ठेवला. मेणबत्तीवाल्याने मेणबत्त्या विझवल्या. गरम वाइनचा बुर्कार्ट हा दलाचा प्रमुख होता, त्याने पातेल्यावर झाकण घातलं आणि समोरच्या रांगेला सांगितलं, “माणूस हरवलंय. वाइन नंतर.” रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थाने विचारलं, “नंतर म्हणजे किती वाजता?”

चौकात बिशपची उंच टोपी आणि कापसाची दाढी लावून मुलांना अक्रोड वाटणारा संत निकोलाउसही पळत सुटला. तो वेंडेलीन, गावचा बेकरीवाला, दलातला एकमेव पाणबुड्या. त्याने पळता पळता टोपी काढून शिरस्त्राण घातलं. दाढी काढायला वेळ मिळाला नाही. मागे एक चिमुरडी रडायला लागली.

ओटमार आणि ब्रोझेबाई बाजारात पोचले तेव्हा कर्णे वाजवणारं पथक थांबलं होतं आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा सुरू झाली होती.

“फ्राउ आनेग्रेट रॉइश. फ्राउ आनेग्रेट रॉइश. कृपया वाइनच्या स्टॉलपाशी यावं. आपले पती वाट बघत आहेत.”

आवाज चौकातल्या घरांवर आपटून परत आला. तिचं नाव इतक्या मोठ्याने कुणी कधीच घेतलं नव्हतं. दवाखान्यातही हळूच घेतलं होतं. ओटमार वाइनच्या स्टॉलपाशी जाऊन उभा राहिला. पती वाट बघत आहेत म्हटल्यावर त्याला दुसरीकडे उभं राहणं बरं दिसेना.

“हे बघा!” बुर्कार्टने चकत्यांची बादली उपडी केली होती. त्याच्या हातात पितळी बिल्ला होता. “दोनशे चौदा, दोन! तिचाच ना?”

“तिचाच,” ब्रोझेबाई म्हणाल्या.

“म्हणजे ती इथे होती. माझ्या स्टॉलवर! थांबा, आठवली मला. निळी टोपी. दोन पेले घेतले, एक जास्त दालचिनीचा.”

ओटमारने तोंड उघडलं. तो बिल्ला मी दिला, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यात मोजेवाली पुढे आली.

“निळी टोपी नाही, तपकिरी. माझ्याकडे आली होती की! सगळे मोजे उलटे करून शिवण बघितली आणि न घेता गेली.”

ओटमारने तोंड मिटलं. आनेग्रेट मोज्यांची शिवण बघायची.

सॉसेजवाल्याची बायको गर्दीतून म्हणाली, “तीच ती! करपलंय म्हणून सॉसेज परत केलं मला. वर म्हणते कशी, ‘सॉसेज भाजायचं असतं हो, त्याला शिक्षा करायची नसते.’”

आता काय बोलणार? हे वाक्य आनेग्रेटचंच होतं. म्हणजे तिने ते कधी म्हटलं नव्हतं, पण म्हटलं असतं.

“कोट कसला होता?” ओटमारने विचारलं.

“गडद हिरवा.”

जर्मनीत त्या वयाच्या निम्म्या बायकांचा कोट गडद हिरवा असतो, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने विचारलं, “आणि दिसत कशी होती? म्हणजे, बरी होती का?”

“उत्तम होती! गाल लाल झाले होते थंडीने.”

“चालताना दम लागत होता?”

“छे हो. तुरुतुरु गेली तिकडे, चॉकलेटच्या बाजूला.”

ओटमारने मान हलवली. त्याला आणखी ऐकायचं होतं. चॉकलेटवाला म्हणाला की तिने तीन नमुने चाखले. क्रूसवाल्याने सांगितलं, नवऱ्याबद्दल बोलत होती, नुसता बसून असतो म्हणाली. दहा मिनिटांत बाजारातल्या बारा माणसांनी आनेग्रेटला पाहिलं होतं. प्रत्येक जण एक एक गोष्ट सांगत होता आणि ओटमार प्रत्येकाला एक एक प्रश्न विचारत होता. आपण एका हरवलेल्या माणसाच्या शोधात अडथळा आणतो आहोत, हे त्याला कळत होतं. पण मार्चनंतर तिची नवी बातमी त्याला पहिल्यांदाच मिळत होती.

मग कुणीतरी म्हणालं, “शेवटी नदीकडे जाताना दिसली.”

हे वाक्य कुणी म्हटलं ते पुढे कधीच समजलं नाही. अशी वाक्यं म्हणणारा माणूस नंतर सापडत नाही. पण सगळी गर्दी धक्क्याकडे वळली.

धक्क्यावर जलपोलिसांची नाव आली होती. तिच्या दिव्याचा झोत काळ्या पाण्यावर फिरत होता. पोलीस अंमलदार केर्न कागद अडकवलेली पाटी घेऊन उभे होते. पायऱ्यांवर वेंडेलीनने संत निकोलाउसचा झगा काढला, नीट घडी करून ठेवला आणि रबरी पोशाखात पाय घातला. अठ्ठावन्न वर्षांचा, पोटाने सुखी माणूस. पोशाखाची चेन पोटाशी अडली. दोघांनी दोन्हीकडून ओढली.

“गुडघा कसा आहे तुझा?” बुर्कार्टने विचारलं.

“गुडघ्याला काय विचारायचंय? बाई पाण्यात असली तर तिच्या गुडघ्याला जास्त गार लागत असेल.”

“पाणी किती अंश आहे?” ओटमारने विचारलं.

“चार,” केर्न म्हणाले.

ओटमार जन्मभर लोकांची घरं गरम ठेवत आला होता. चार अंश म्हणजे काय ते त्याला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. वेंडेलीनने गालावर चिकटलेला कापसाचा एक तुकडा काढला आणि पहिल्या पायरीवरून पाण्यात पाऊल टाकलं.

“थांबा,” ओटमार म्हणाला. “ती तिथे नाहीये.”

“धीर धरा,” मार्लीसबाईंनी त्याचा हात धरला. त्या आणि लुडगर केव्हा मागे येऊन उभे राहिले होते ते त्याला कळलंच नव्हतं.

“ती पाण्यात नाहीये. ती वारली.”

“असं अभद्र बोलू नये!” मार्लीसबाई म्हणाल्या. “अजून शोधलंही नाही.”

“वारली आहे ती.”

“धक्का बसलाय त्यांना,” ब्रोझेबाई केर्नना हळूच म्हणाल्या. “कुणी पांघरूण आणा.”

पांघरूण आलं. ओटमारच्या खांद्यावर पडलं. नऊ महिने जो शब्द तोंडातून निघाला नव्हता तो निघाला, आणि कुणी ऐकून घ्यायला तयार नाही. अपमान म्हणावा तर तोही होता. वेंडेलीन गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला.

“अहो, ऐका!” ओटमार ओरडला. तो कधी ओरडत नसे. हीटर फुटला तरी तो फक्त ‘हं’ म्हणायचा. “ती अकरा मार्चला वारली! सकाळी सहा वाजता! झीगनच्या दवाखान्यात! हृदय बंद पडलं! मी शेजारी होतो! ती या बोटीवर कधी आलीच नाही! बिल्ला मी चुकून दिला!”

आता सगळ्यांनी ऐकलं. दिव्याचा झोत ओटमारवर येऊन थांबला. पाण्यातून आवाज आला.

“म्हणजे मी बाहेर येऊ का?” वेंडेलीनने विचारलं.

“ये बाबा,” बुर्कार्ट म्हणाला.

केर्ननी आपल्या कागदावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, “हेर रॉइश, मला वाईट वाटतं. मनापासून. पण शोध सुरू झाला की तो कसा संपला हे लिहावं लागतं.” त्यांनी पाटी पुढे केली. “इथे तीन रकाने आहेत. सुखरूप सापडली. जखमी सापडली. मृत सापडली.”

“मग तिसरा,” ब्रोझेबाई म्हणाल्या.

“तिसऱ्यावर खूण केली तर मला मृतदेह दाखवावा लागेल. डॉक्टर बोलवावा लागेल.”

“हरवलीच नव्हती असं लिहा की,” बुर्कार्ट म्हणाला.

“तसा रकाना नाही.”

“आणि माझ्या फळीवर आकडा रिकामा होता!” ब्रोझेबाई दुखावल्या स्वरात म्हणाल्या.

तेव्हा लुडगर पोटहोफ पुढे झाले. त्यांनी चष्मा लावला, कागद दिव्याकडे धरला आणि पाठीमागची बाजू उलटली. “प्रत्येक सरकारी फॉर्मला ‘इतर’ असतंच. हे बघा. मागे. पण संबंधिताने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचं असतं.”

‘इतर’च्या पुढे दीड ओळ जागा होती. ओटमारने पांघरूण सरकवलं, पेन घेतलं. पक्कड जवळपास कुठे नव्हती. त्याने लिहिलं: ‘माझी पत्नी आनेग्रेट रॉइश अकरा मार्चला वारली. मी कुणाला सांगितलं नव्हतं.’ अक्षरं शेवटी बारीक करावी लागली. केर्ननी वाचलं, तारीख घातली आणि दोन बोटं टोपीला लावली.

लोक बाजाराकडे परत निघाले. कुणी त्याला रागावलं नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. सॉसेजवाल्याची बायको जवळ येऊन म्हणाली, “मग करपलं म्हणाली ती कोण होती?” आणि उत्तर न घेता गेली. रांगेतल्या त्या गृहस्थाला एकदाची वाइन मिळाली. बुर्कार्टने एक पेला ओटमारच्या हातात दिला आणि एक रबरी पोशाखात कुडकुडणाऱ्या वेंडेलीनच्या. अनामत कुणाकडूनच घेतली नाही. गावात हे प्रथमच घडलं, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता.

ओटमार वेंडेलीनला म्हणाला, “माझ्यामुळे तुमचे पाय भिजले.”

“पाय वाळतात,” वेंडेलीन म्हणाला. “माझी मोठी बहीण गेली तेव्हा मी वर्षभर तिच्यासाठी रोज एक पाव बाजूला काढायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, तो विकलाय.” त्याने वाइन संपवली. “चला. मुलं अक्रोडांसाठी थांबलीत.”

बंधाऱ्याची वेळ चुकली होती. बोट मिल्टेनबेर्गलाच थांबली. जेवणघरात ओटमार शिरला तेव्हा सगळ्या टेबलांवरचं बोलणं थांबलं आणि लगेच पुन्हा सुरू झालं, थोडं जास्त मोठ्याने. पोटहोफ जोडपं समोर बसलं होतं. मार्लीसबाईंचा चेहरा लाल होता.

“मला एक सांगा,” त्या म्हणाल्या. “कोंबडीचं सूप कुणी प्यायलं?”

“मी.”

“कॅमोमाइलचा चहा?”

“मीच.”

“बटाट्याचं सूप? ती दोन सॉसेज? उकडलेलं सफरचंद?”

“सगळं मीच.”

“आणि गरम पाण्याची पिशवी?”

“कमरेला लावली. फार आराम पडला,” ओटमार खरं तेच म्हणाला.

रागावावं की काय करावं हे मार्लीसबाईंचं ठरेना. त्यांनी एका मेलेल्या बाईला दोन दिवस बरं केलं होतं आणि त्यात त्यांना यशही येत होतं. शेवटी त्यांनी रुमालात नाक शिंकरलं.

“दोन दिवस मी तिला ताई म्हणून चिठ्ठ्या पाठवत होते,” त्या म्हणाल्या. “त्या कुठे आहेत?”

“ठेवल्यात. बॅगेत.”

“मग आता मला ‘तुम्ही’ म्हणायचं नाही. मी मार्लीस. हा लुडगर. आमचं एवढं सूप प्यायल्यावर ‘तुम्ही’ कसलं?”

“मी ओटमार.”

“माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे.” लुडगरने पेला उचलला. तिघांनी पेले टेकवले. पहिल्यांदा ‘तू’ म्हणताना माणूस अवघडतो, तसे तिघं थोडे अवघडले आणि पुढचा पाव वाढण्यात गुंतले.

वेटर चौथ्या जागेपाशी आला. ताट उचलावं की नाही म्हणून तो ओटमारकडे बघत उभा राहिला. ओटमारने मान हलवली. वेटरने ताट उचललं, काटा-चमचा उचलला, रुमाल उचलला. मग मेज जरा मोठं दिसायला लागलं.

“कशी होती रे ती?” मार्लीसने विचारलं. “खरी. बाजारातली नव्हे.”

ओटमारने सांगितलं. त्याला फार बोलता येत नाही, म्हणून त्याने जसं आठवलं तसं सांगितलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गाणं म्हणताना शब्द विसरायची आणि न थांबता नवे घालायची. त्याच्या कामाच्या बॅगेत चिठ्ठी टाकायची, आज अंघोळीचं पाणी कमी गरम होतं म्हणून. घरात हीटरवाला असून तक्रार मात्र लेखी. लुडगर हसला. मार्लीस हसली आणि मग पुन्हा नाक शिंकरलं. ओटमारच्या लक्षात आलं, की तो ‘होती’ म्हणतो आहे. प्रत्येक वाक्यात.

“कुठे ठेवलंय तिला?” लुडगरने विचारलं.

“झीगनलाच. टेकडीवरच्या दफनभूमीत. भिंतीकडेला.”

“थडग्यावरचा दगड चांगला आहे का? नियमाने उंचीची मर्यादा असते.”

“दगड अजून नाही. लाकडी क्रूस आहे, नंबर घातलेला. दगडवाल्याने जुलैमध्ये पत्र पाठवलं होतं. दगड तयार आहे म्हणतो. वर काय कोरायचं ते तेवढं लिहून पाठवा म्हणतो.”

“नाव आणि दोन तारखा,” लुडगर म्हणाला. “त्यात काय एवढं?”

“हो,” ओटमार म्हणाला. “तेवढंच.”

आज संध्याकाळी धक्क्यावर त्यातली एक तारीख त्याने लिहिलीच होती. लिहिता येते हे आता त्याला कळलं होतं. पण दगडवाल्याला उत्तर पाठवायचं राहिलं आहे.